छप्पन्न टक्क्यांची लस

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.)

आज रविवारची रात्र आहे, शेजारच्या बंगल्यातली वीकेंडची पार्टी आवरून मंडळी मुंबईला परत गेलीत, त्यामुळे तुंगार्लीत शांतता आहे आणि मला रेकॉर्डिंग करता येतंय. बाहेर कडक थंडी आहे. थंडीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या महिन्यात माझ्या ताईचं बाळ दीड महिन्याचं झालं. ताई बाळंतपणाला माहेरी आलीय. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं म्हणून आम्ही बाळाला घेऊन गेलो. आजीसुद्धा आली, कारण आजी येतेच. सिस्टरांनी आधी पोलिओचे दोन थेंब पाजले आणि मग आणखी एक लस तोंडातच सोडली. आजीनं लगेच हटकलं, "अगं बाई, पोलिओ तर आत्ता पाजला की! आता हे कसलं?"

सिस्टर म्हणाल्या, "आजी, ही रोटाची आहे. जुलाबाची लस."

आजी एकदम गप्प झाली. आमची आजी गप्प होणं ही घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. संध्याकाळी तिनं बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या टाळूवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुझ्या पप्पांच्या आधी मला एक मुलगा होता, तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा आहे मी, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा. आजी तेव्हा एकोणीस वर्षांची. बाळ आठ महिन्यांचं, नुकतं बसायला लागलेलं. आधी उलट्या सुरू झाल्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, दात येतायत, दात येताना हगवण लागतेच. दृष्ट काढली. आणि पाणी बंद केलं. का, तर पाणी पाजलं की जुलाब वाढतात. दुसऱ्या दिवशी डोळे आत गेले, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. आजी हे सगळं सपाट आवाजात सांगत होती. शेवटी फक्त म्हणाली, "पाणी मागत होता रे. बोलता येत नव्हतं, पण कळत होतं."

ते बाळ रोटाव्हायरसनंच गेलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आधी उलट्या, बरोबर ताप, मग पाण्यासारखे जुलाब, वय वर्षाच्या आत आणि दिवस थंडीचे, हे वर्णन कुठल्याही बालरोगतज्ज्ञासमोर ठेवा, तो पहिला संशय कशाचा घेईल ते सांगायला नको. त्या हिवाळ्यात हे नाव जगात कुणाला माहीतच नव्हतं. कारण तो विषाणू तोवर माणसांच्या मुलांमध्ये कुणी पाहिलेलाच नव्हता.

तो सापडला त्याच वर्षी, १९७३ साली, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. रूथ बिशप नावाच्या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुलाबानं आजारी असलेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये गोल गोल कण खचाखच भरलेले दिसले. तोपर्यंत जुलाबाच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण काय या रकान्यात काहीच लिहिता येत नव्हतं. जंतू शोधायचे, नाही सापडले की विषय संपला. पुढे इंग्लंडमधल्या थॉमस फ्लेवेट यांनी नाव सुचवलं. हा कण चाकासारखा दिसतो, मधे आस आणि भोवती आऱ्या, म्हणून रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक.

आता थंडीचा मुद्दा. आपल्याकडे जुलाब म्हटलं की पावसाळा आणि गढूळ पाणी. लोणावळ्यात तर पाऊस इतका की सगळ्याचा दोष त्याच्यावर ढकलता येतो. धरण भरलं, नळाला लाल पाणी आलं, पोरं आजारी पडली. कॉलऱ्याला, टायफॉइडला हे लागू पडतं. रोटाव्हायरस मात्र आपल्या भागात थंडीच्या कोरड्या महिन्यांत जोर धरतो. आणि पाणी उकळून पिणाऱ्या घरातही शिरतो. आजारी बाळाच्या एका ग्रॅम शीमध्ये हे कण अब्जावधी असतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यातले अगदी थोडे पुरतात. दुपटं, खेळणं, आईचा हात, दाराची कडी, कशावरूनही जातो. म्हणून तर लस येण्याआधी अमेरिकेतसुद्धा पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा होऊन जायचा. फरक एवढाच की तिथलं मूल दवाखान्यात सलाईन लावून घरी यायचं, आणि आपल्याकडचं बऱ्याचदा यायचं नाही. भारतात लसीच्या आधीच्या काळात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८,००० मुलं यानं जात होती, असा अंदाज आहे.

इथे एक मिनिट थांबून पाण्याबद्दल बोलतो, कारण आजीच्या गोष्टीतली खरी चूक ती होती. पाणी बंद करणं. आणि ती एकट्या आमच्या घराची चूक नव्हती, तेव्हा सगळीकडे तेच करायचे. मजा म्हणा किंवा दुर्दैव, उत्तर तेव्हा देशात सापडलेलं होतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. बनगावपासून तुंगार्लीपर्यंत ती पोहोचायला किती वर्षं लागली ते आमच्या घरात दिसलं.

पण जलसंजीवनीलाही मर्यादा आहे. रोटामध्ये बाळ सतत उलटी करतं, चमच्यानं पाजलेलं बाहेर येतं. रात्री दोन वाजता हे सुरू झालं आणि घर वाडीवर असलं तर? म्हणून लस हवी होती.

पहिली लस अमेरिकेत आली, १९९८ च्या ऑगस्टमध्ये, रोटाशील्ड नावाची. माकडाचा रोटाव्हायरस आणि माणसाचा रोटाव्हायरस यांचं मिश्रण. वर्षभरात काही बाळांमध्ये एक विचित्र त्रास दिसला. आतड्याचा एक भाग दुर्बिणीच्या नळीसारखा शेजारच्या भागात सरकायचा आणि अडकायचा. वेळेत उपचार नाही झाले तर जिवाशी गाठ. प्रमाण अंदाजे दहा हजारांत एक. ऑक्टोबर १९९९ मध्ये लस बाजारातून मागे घेतली.

मला हा प्रसंग फार अवघड वाटतो. अमेरिकेत रोटानं मुलं क्वचित दगावायची, त्यामुळे तिथं दहा हजारांत एकाचा धोकाही जास्तच होता. निर्णय बरोबर होता. पण भारतात, आफ्रिकेत दर वर्षी लाखो मुलं मरत होती, आणि जी लस अमेरिकेनं नाकारली ती आपल्या मुलांना द्या असं कोण म्हणणार? म्हणायची सोयच नव्हती. मग पुढच्या दोन विदेशी लसींना प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर चाचणी करून सुरक्षितता दाखवावी लागली. त्या २००६ च्या सुमारास आल्या. आपल्याकडे खासगी दवाखान्यात मिळायच्या, महाग. ज्यांच्या बाळाला सलाईन परवडतं त्यांच्याच बाळाला लसही परवडायची.

दरम्यान दिल्लीत एक वेगळीच गोष्ट चालू होती. १९८५-८६ मध्ये एम्सच्या नवजात बाळांच्या कक्षात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की बाळांना रोटाव्हायरसची लागण झालीय, पण जुलाब नाहीत. बाळं मजेत. पुढे त्याच बाळांना रोटाचा गंभीर आजार कमी झाला. म्हणजे आयती लसच! हा प्रकार ११६ई या नावानं ओळखला जातो. तपासल्यावर कळलं की या विषाणूच्या ११ जनुकखंडांपैकी एक गाईच्या रोटाव्हायरसकडून आलेला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर निसर्गानं स्वतःच दोन ब्रँच मर्ज करून ठेवल्या होत्या, आणि बिल्ड चालत होता. (शेतकरी मित्रांनो, वासरांना लागणारी हगवण आठवा. तिच्यामागेही बऱ्याचदा याच कुळातला विषाणू असतो.)

तिथून लस बनायला तीस वर्षं लागली. सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संस्था, गेट्स फाउंडेशनचा पैसा, आणि हैदराबादची भारत बायोटेक, जिनं सरकारला डोस एक डॉलरला देण्याची तयारी दाखवली. मधल्या वर्षांत कितीतरी टप्पे झाले, ते सोडून देतो, कारण मला थेट आपल्या जिल्ह्यात यायचंय.

वढू बुद्रुक. नाव ऐकलं की आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. शिरूर तालुका, भीमेकाठ. आमच्या तुंगार्लीपासून सुमारे शंभर किलोमीटर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला. तिथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं ग्रामीण रुग्णालय आहे. केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात या भागात काम उभं केलं. पुण्यातून डॉक्टर पाठवून भागणार नाही, गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायला हवं, हा त्यांचा आग्रह. आज आपण आशाताई म्हणतो, ती कल्पना त्यांनी कितीतरी आधी राबवून दाखवली. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे आजूबाजूच्या बावीस गावांत घरटी नोंदी ठेवायची पद्धत सुरू झाली. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, सगळं.

म्हणून २०११ मध्ये ११६ई लसीची मोठी चाचणी करायची ठरली तेव्हा देशातल्या तीन केंद्रांपैकी एक हे झालं. दुसरं दिल्ली, तिसरं वेल्लोर. एकूण ६,७९९ बाळं. तिघांपैकी दोघांना लस, एकाला लसीसारखंच दिसणारं पण लस नसलेलं औषध. कुणाला काय मिळालं हे ना आईला माहीत ना डॉक्टरला. आणि मग खरं काम, जे मला सगळ्यात ग्रेट वाटतं. दर आठवड्याला कुणीतरी घरी जायचं आणि विचारायचं. शी कशी होती? किती वेळा? उलटी? ताप? जुलाब झाले असतील तर नमुना गोळा करायचा. आजाराला गुण द्यायचे, वीसपैकी, तिमो वेसिकारी या फिनलंडच्या डॉक्टरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पट्टीवर. अकरा किंवा जास्त म्हणजे गंभीर. आम्ही ऑफिसात बगला 'सिव्हिअरिटी' लावतो, तसंच. फक्त इथे तिकीट बंद करायला कुणीतरी उन्हातान्हात, पावसाच्या चिखलात एखाद्या वस्तीवर जाऊन शी गोळा करून आणायची असते. आणि त्या आया! स्वतःचं तान्हं मूल, लस मिळाली की नाही हेही माहीत नाही, तरी दर आठवड्याला दार उघडून उत्तरं देत होत्या. त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

यावर टीकाही झाली, ती सांगायलाच हवी. विदेशी लस उपलब्ध असताना एक तृतीयांश बाळांना लसच न देणं योग्य का, हा प्रश्न विचारला गेला. आतडं सरकण्याच्या त्रासाचे आकडे केंद्रनिहाय जाहीर करा, अशी मागणी झाली. हे प्रश्न वाह्यात नव्हते. रोटाशील्डचा इतिहास माहीत असलेला माणूस विचारणारच. पुढे लस कार्यक्रमात आल्यावर देशभरातल्या २७ रुग्णालयांत याचीच तपासणी झाली. २०२० मध्ये निष्कर्ष आला, लसीमुळे हा त्रास वाढलेला दिसला नाही.

तर १४ मे २०१३ ला दिल्लीत निकाल जाहीर झाला. पहिल्या वर्षात गंभीर रोटा-जुलाबापासून संरक्षण, ५६ टक्के.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी प्रतिक्रिया सांगतो. फक्त? आमच्याकडे ५६ टक्के टेस्ट पास झाल्या तर रिलीज सोडा, मॅनेजर जेवायलाही सोडणार नाही. गोवराची लस नव्वदच्या पुढे काम करते. मग तीस वर्षं खपून छप्पन्न?

पण हा आकडा वाचायची रीत वेगळी आहे. लस न मिळालेल्या गटात दर शंभर बाळांमागे वर्षाला साधारण ३.२ गंभीर आजार झाले. लस मिळालेल्यांत १.५. आता हे शंभरावरून देशावर न्या. दर वर्षी अडीच कोटींच्या आसपास जन्म. जो आजार हजारोंनी मारतो, त्यातलं निम्मं टळलं तरी ते निम्मं म्हणजे केवढं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही लस 'देशी म्हणून कच्ची' नाही. तीच महागडी विदेशी लस, जी फिनलंड-अमेरिकेत ९८ टक्के चालली, ती बांगलादेश आणि व्हिएतनामच्या चाचणीत ४८ टक्क्यांवर आली आणि आफ्रिकेत ३९ टक्क्यांवर. म्हणजे गडबड बाटलीत नाही, बाळाच्या परिस्थितीत आहे. वेल्लोरमध्ये डॉ. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी ३७३ बाळांचा जन्मापासून मागोवा घेतला. मेक्सिकोत नैसर्गिक लागण दोनदा झाली की मूल पुढच्या गंभीर आजारापासून जवळजवळ पूर्ण सुरक्षित व्हायचं. वेल्लोरच्या बाळांना तीनदा होऊनही संरक्षण ७९ टक्केच. खरा विषाणू जिथे पूर्ण धडा शिकवू शकत नाही तिथे लस तरी कशी शिकवणार? कुपोषण, आतड्यात आधीच गर्दी करून बसलेले जंतू, आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं, अशी बरीच कारणं सांगतात. एकच असं अजून कुणी पकडलेलं नाही.

यानंतरची गोष्ट पटापट. मार्च २०१५ मध्ये रोटाव्हॅक नावानं लस बाजारात आली. २६ मार्च २०१६ पासून चार राज्यांत सरकारी कार्यक्रमात. पुण्यात हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं दुसरी देशी लस बनवली, रोटासिल, तीही गाईच्या विषाणूवर आधारलेली, माणसातल्या पाच प्रकारांविरुद्ध. तिच्या भारतातल्या ७,५०० बाळांच्या चाचणीत वढू होतंच, शिवाय वर्ध्याचं सेवाग्रामही. गंभीर आजारापासून संरक्षण ३९.५ टक्के, अतिगंभीर आजारापासून ५४.७. आफ्रिकेत नायजरमध्ये याच लसीनं ६६.७ टक्के संरक्षण दिलं, आणि तेही फ्रिजबाहेर २५ अंशांपर्यंत ठेवलेल्या बाटल्यांनी. जिथे दिवसातून आठ तास वीज जाते तिथे याची किंमत काय, ते पावसाळ्यातल्या मावळात राहणाऱ्याला समजावायला नको. २०१८ मध्ये दोन्ही लसींना जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात रोटाची लस आली २०१९ मध्ये. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. फुकट.

आणि प्रत्यक्षात काय झालं? ३१ रुग्णालयांतल्या पाहणीचा निकाल २०२५ मध्ये आला. लसीचं संरक्षण सुमारे ५४ टक्के. चाचणीत जेवढं दिसलं जवळपास तेवढंच. हे माझ्यासारख्याला फार भारी वाटतं, कारण टेस्टिंगला चाललेलं प्रॉडक्शनला चालेल असं आमच्या धंद्यात कुणी शपथेवर सांगत नाही. जुलाबामुळे दाखल होणाऱ्या मुलांमध्ये रोटाचं प्रमाण आधी ४० टक्के होतं, ते २० वर आलं. उरलेल्या जुलाबांना इतर जंतू आहेतच, त्यामुळे जलसंजीवनीची पुडी आणि झिंकच्या गोळ्या घरातून हद्दपार झालेल्या नाहीत. आमच्या फडताळात आता दोन्ही आहेत, आजीनंच आणायला लावल्या.

हे सगळं मी आजीला सांगितलं. वढू, दिल्लीची बाळं, गाईचा विषाणू. गाईचं ऐकून ती जरा खूश झाली. मग तिनं तो प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता आणि ज्याची मला भीती होती.

"तेव्हा हे असतं तर वाचला असता का रे तो?"

मी हो म्हणणार होतो. मग म्हटलं, हिच्याशी खोटं कशाला. सांगितलं, "निम्मी निम्मी शक्यता होती, आजी. आणि पाणी पाजलं असतं तर त्याहून बरीच जास्त."

ती बराच वेळ बाळाकडे बघत बसली. मग म्हणाली, "निम्मी पण पुष्कळ होती." आणि ताईला हाक मारून विचारलं, अडीच महिन्यांचा डोस कुठल्या तारखेला आहे, कार्ड बघ. ताईनं कार्ड काढलं. पुढच्या आठवड्यातला बुधवार. आजी म्हणाली, मी येते.